परत गेलेलं खोकं

नाचणगावच्या आमच्या घरात टीव्ही एकच आहे, बैठकीत, आणि तो दादाचा आहे. विकत कोणी घेतला हा प्रश्न नाही. दादा संध्याकाळी पुलगावचं बी-बियाण्यांचं दुकान बंद करून येतो, हातपाय धुतो, टीव्हीसमोरच्या लाकडी खुर्चीत बसतो, आणि पानं वाढेपर्यंत बातम्या चालतात. वहिनीची मालिका दुपारची, आदल्या दिवशीची पुन्हा दाखवतात ती. मी टीव्ही फारसा बघत नाही. पुलगावच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि घरी येऊनही वाचतेच; कधीमधी लिहिते, ते छापूनही येतं. धाकटा मात्र बातम्या संपण्याची वाट बघत चौकटीला टेकून उभा राहायचा आणि दादा उठला की म्हणायचा, "झालं काय देशाचं?"

आम्ही तिघं भावंडं. दादा सगळ्यांत मोठा, मी मधली, लग्न न केलेली, आणि धाकटा, ज्याला घरात आणि भावबंदांत सगळे लहान्या म्हणत. चाळिशीला आला तरी लहान्याच. गेल्या पौषात तो गेला. मूत्रपिंडं निकामी झाली होती. तीन वर्षं, आठवड्यातून तीनदा, मी किंवा वहिनी त्याला डायलिसिससाठी वर्ध्याला नेत होतो. आमच्यापैकी कोणाचंच मूत्रपिंड त्याला जुळलं नाही. आजाराचं एवढंच सांगते, कारण मला सांगायचं आहे ते एका खोक्याचं. ते आमच्या दारापर्यंत आलं होतं आणि दादानं ते परत पाठवलं. हे मला लहान्या गेल्यावर दोन महिन्यांनी कळलं. तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती: त्यानं ते स्वतःच्या तोंडानं कबूल करावं. आणि ते करताना त्याला त्रास व्हावा.

डायलिसिस सुरू झालं तशी लहान्याची औषधाच्या दुकानातली नोकरी सुटली. मधले दिवस मोकळे, पण अंगात बळ नाही. पुस्तक दिलं तर दहा पानांत डोळे मिटायचे. एका दुपारी तो म्हणाला, "ताई, मले खेळावंसं वाटते." फुटबॉलचा गेम, नाहीतर गाड्यांच्या शर्यतीचा. मोठं काही नाही, संध्याकाळी तासभर. त्यासाठी गेमिंगचा लॅपटॉप घ्यावा की टीव्हीला जोडायचा कन्सोल, यावर त्यानं सहा महिने काढले. मी त्याला ग्रंथालयातलं एक कोरं, लांबट रजिस्टर आणून दिलं होतं. त्यात पानाच्या मधोमध रेघ मारून डावीकडे लॅपटॉप आणि उजवीकडे कन्सोल असं तो लिहीत गेला. डावीकडची पहिली ओळ होती, "कुठंही नेता येतो." दुसरी, "दादाला सांगायला सोपं." उजवीकडची पहिली ओळ, "टीव्ही लागतो." आणि तिच्याखाली, "टीव्ही दादाचा."

आजारी माणसाला निवडायला फार थोडं उरतं. कोणत्या दिवशी सुई टोचायची ते दवाखाना ठरवतो, पाणी किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतो. म्हणून मी त्याला घाई केली नाही. आता वाटतं करायला हवी होती.

एकदा डायलिसिस लवकर आटोपलं तेव्हा आम्ही वर्ध्यातल्या एका दुकानात गेलो. विक्रेता पोरगेला होता, पण त्याला त्यातलं कळत होतं.

"रोज किती खेळता, सर?"

"तासभर. तेही अंगात दम असला तर."

"मंग कशाले गेमिंग लॅपटॉप घेता? तापते किती! पंखा असा वाजते, जसं मळणीयंत्र लावलं घरात. कन्सोल लावा, बटन दाबा, खेळा. विरंगुळ्यापुरतं खेळणाऱ्याले तेच बरं."

"पण मी हप्त्यातून तीन दिवस चार-चार घंटे एका पलंगावर पडून राह्यतो."

विक्रेत्यानं त्याच्या डाव्या दंडावरची, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर पाहिली. मग म्हणाला, "मंग लॅपटॉपच घ्या, सर."

घरी आल्यावर लहान्यानं लॅपटॉपची परीक्षा घेतली. डायलिसिस चालू असताना सुया टोचलेला हात हलवायचा नसतो. त्यानं माझी ओढणी मागून घेतली, डावा हात खुर्चीच्या दांडीला बांधायला लावला, आणि मांडीवर माझा कॉलेजचा जुना लॅपटॉप ठेवून त्यात कसलासा गाडीचा गेम सुरू केला. दहा मिनिटांत गाडी अकरा वेळा भिंतीवर गेली. तो एवढा हसला की वहिनी स्वयंपाकघरातून पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी बघायला आली.

"सोड, ताई," तो म्हणाला. "एका हातानं फक्त बातम्याच पाहता येते."

रजिस्टरातली "कुठंही नेता येतो" ही ओळ त्यानं त्या दिवशी खोडली. लॅपटॉपच्या बाजूला दादाला सांगायला सोपं, एवढंच उरलं. आणि दादाला त्यानं सांगून पाहिलं, जेवताना, माझ्यासमोर.

"चाळीस वर्साचं पोट्टं अन् गेम पाह्यजे," दादा म्हणाला. "घ्यायचाच आहे तं लॅपटॉप घे. पोरीच्या बी कामात येईन." दादाची मुलगी नागपूरला कॉलेजात शिकते.

"अन् मी काय खेळू?"

"तू पहिले बरा होय. मंग खेळजो."

"बरा झालो तं कामावर जाईन न, दादा. खेळाले टाइम आताच आहे."

दादानं टीव्हीचा आवाज वाढवला. आमचे वडील गेले तेव्हापासून तो असंच बोलणं संपवतो.

त्यानंतर लहान्यानं घरात विषय काढला नाही. अंगणात उभी राहून गंजत असलेली त्याची मोटारसायकल त्यानं विकली. डाव्या हातावर जोर द्यायचा नव्हता, त्यामुळे ती त्याला चालवता येत नव्हतीच. मग एके दिवशी रेल्वेत, वर्ध्याला जाताना, माझ्या कानाशी म्हणाला, "मागवलं."

"काय? कोणतं?"

"आलं की दिसनच तुले."

ज्या दिवशी ते आलं त्या दिवशी मी आणि तो वर्ध्याला होतो. वहिनी गावातच एका बारशाला गेली होती. दादाला ताप होता म्हणून तो दुकानात न जाता घरी होता. दुपारी लहान्याच्या फोनवर संदेश आला: या पत्त्यावर ग्राहक सापडला नाही, वस्तू परत पाठवत आहोत. हाताला सुया, तरी तो उठून बसायला लागला. परिचारिकेनं त्याला दाबून झोपवलं.

"आपलं घर सापडत नाई म्हणे," तो मला म्हणाला. "आजोबापासून तिथंच आहो आपण. ग्रामपंचायत हलली, बसस्टॉप हलला, आपण काही हललो नाई."

त्यानं त्या पार्सलवाल्याविरुद्ध तक्रार नोंदवली. पुन्हा मागवू म्हणाला. मग छातीत पाणी झालं, मग दवाखान्यात भरती केलं, आणि त्या संदेशानंतर तीन आठवड्यांनी तो गेला. गेला तेव्हा त्याची अशी समजूत होती की आपलं घर एका अनोळखी माणसाला सापडलं नाही.

दहाव्याला आम्ही पुलगावजवळ नदीवर गेलो. आमच्यात बायकाही जातात. पिंड ठेवले आणि सगळे मागे सरकले. कावळा समोरच्या बाभळीवर येऊन बसला आणि तिथंच बसून राहिला. अशा वेळी गेलेल्याचा जीव कशात अडकला आहे ते ओळखून तसा शब्द द्यायचा असतो. एकेक जण पुढे येऊन, हात जोडून शब्द देऊ लागला. काकूनं पिंडाशेजारी तांब्याभर पाणी ओतलं, कारण तीन वर्षं त्याला पाणी मोजून मिळत होतं. कावळा हलला नाही. मामा म्हणाले, "तुझ्या बहिणीची काळजी करू नको, आमी आहो तिले." माझी काळजी त्याला कधीच नव्हती, आणि कावळ्यालाही ते ठाऊक असावं. कोणी वांग्याच्या भाजीचं म्हणालं, कोणी वर्षश्राद्ध थाटात करू म्हणालं. ऊन चढलं. भावबंद घड्याळ बघायला लागले.

मग दादा पुढे झाला. ओल्या धोतरात, खाली मान घालून, अगदी हळू म्हणाला, "लहान्या, तुझा तो गेम आणतो मी घरी."

कावळा बाभळीवरून सरळ पिंडावर आला.

"घ्या!" मामा ओरडले. "गेममंधी जीव होता पोराचा!" आणि त्या दुःखातही दोघं-तिघं हसले. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी दादाच्या पाठीवर हात ठेवला. आज तो हात मला कापून टाकावासा वाटतो, इतक्या मायेनं ठेवला होता.

माझा कावळ्यावर विश्वास आहे की नाही, मला सांगता येणार नाही. मी ग्रंथालयात काम करते; दोन्ही बाजूंची पुस्तकं माझ्याकडे आहेत. पण दादाचा आहे. तेवढं मला पुरलं.

माघ गेला. गेम आला नाही. मी एकदा आठवण दिली तर दादा म्हणाला, "लॅपटॉप घेऊ. त्याच्यात बी गेम चालते. पोरगी वापरन, लहान्याचं नाव राहीन." वहिनीला पटलं. खरं सांगायचं तर मलाही जवळजवळ पटलं होतं. गेलेल्या माणसाला फुटबॉल कुठं खेळायचा आहे? लॅपटॉप नागपूरला गेला असता, चार वर्षं पोरीच्या अभ्यासाला लागला असता, आणि त्या खोक्याची गोष्ट तिथंच संपली असती.

होळीच्या आधी ग्रंथालयात नव्या पुस्तकांचं पार्सल आलं. घेऊन येणारा नेहमीचाच, नाचणगाव-पुलगावची सगळी पार्सलं तोच वाटतो. सही घेतल्यावर तो गेला नाही. हेल्मेट हातात फिरवत उभा राहिला.

"मॅडम, तुमचे भाऊ वारले म्हणे. वाईट झालं." मग थोडं थांबून, "ते माझ्यावर नाराज होऊन गेले. कंप्लेंट टाकली होती त्याईनं. मले ऑफिसात लिहून द्या लागलं."

"घर सापडलं नाही म्हणून?"

"घर कसं सापडणार नाई, मॅडम? तुमच्या घरी मी किती खेपा केल्या. मोठे भाऊ होते दारात. खोक्यावरचं गेमचं चित्र पाहून ते म्हणे, इथं असा कोणी राहत नाई. मी म्हटलं, आडनाव तं तुमचंच आहे. ते म्हणे, असन, पण राहत नाई. घेऊन जाय." त्यानं हेल्मेट डोक्यात घातलं. "मी काही बोललो नाई कोणाले. घरातली गोष्ट."

तो गेल्यावर मी पुस्तकांवर शिक्के मारायला बसले. आमच्याकडे शिक्का आतल्या पानावर, ठरलेल्या जागी मारतात. मी सात पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर मारला आणि आठव्याला माझ्या लक्षात आलं. ती सात पुस्तकं अजून तशीच फळीवर आहेत.

इथं असा कोणी राहत नाही. तो तेव्हा जिवंत होता. पुढच्या खोलीत त्याचा पलंग होता, उशीखाली रजिस्टर होतं, अंगणात त्याचा टॉवेल वाळत होता.

घरी येऊन मी भांडले नाही. मी शांत बाई आहे असं सगळे म्हणतात, आणि त्यांच्या त्या समजुतीचा मी पहिल्यांदा उपयोग केला. आधी लहान्याचा फोन चार्ज केला. जुन्या मागणीत ते नोंदलेलं होतं: कन्सोल एक, हातात धरायचे कंट्रोलर दोन. मग रजिस्टर काढलं. शेवटच्या पानावर, उजव्या बाजूला, "टीव्ही दादाचा" ही ओळ त्यानं पुन्हा लिहिली होती, आणि तिच्याखाली आणखी एक. ती मी वाचली आणि रजिस्टर माझ्या कपाटात, साड्यांच्या खाली ठेवलं. त्या ओळीचं पुढे सांगते.

दादाला लॅपटॉप का हवा आहे ते मला आता नीट दिसलं. लॅपटॉप मिटतो. पिशवीत जातो, नागपूरला जातो, त्याला दुसरं काम लावता येतं. कन्सोलला दुसरं काही कामच नाही. तो टीव्हीखाली, दादाच्या डोळ्यांसमोर, रोज बसून राहणार. लहान्यानं विरंगुळ्यासाठी जी निवड केली होती, तीच निवड मी सूडासाठी केली, आणि दोन्ही कामांना ती सारखीच बरोबर होती.

अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आमच्याकडे त्या वर्षी गेलेल्याच्या नावानं पाण्याची घागर भरतात आणि भावबंदांना जेवायला बोलावतात. पंगत बसली. पुरणपोळी, वडे, कढी वाढून झाली. मी तूप वाढत दादापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात विचारलं, "दादा, नदीवर शब्द दिलता तू. त्याचं काय झालं?"

मामांचा घास थांबला. "हो रे! तो गेम! आणला नाई अजून?"

"लॅपटॉप पाहून राह्यलो," दादा म्हणाला.

"लॅपटॉप नाई म्हटलं होतं तू," पलीकडून चुलतभाऊ म्हणाला. "गेम म्हटलं. मी तुह्या मागंच उभा होतो."

"कावळ्याले कायले फसवतं, बावा?" काकू म्हणाली.

"लहान्यानं कोणता पसंत केला होता ते मले माहीत आहे," मी म्हणाले. "तोच मागवते. तू फक्त हो म्हण."

दादानं माझ्याकडे पाहिलं. तेव्हा त्याला संशय आला की नाही, मला माहीत नाही. "मागव," तो म्हणाला, आणि पुढची पोळी त्यानं नुसतीच कुस्करली.

मी लहान्याच्या फोनवरून मागवलं. लहान्याच्या नावानं. त्याच पत्त्यावर. रविवार निवडला, कारण रविवारी सकाळी दादा बैठकीत पेपर वाचत असतो. मी आतल्या दाराआड उभी राहिले. एवढी वाट मी आयुष्यात कशाचीच पाहिलेली नाही.

गाडी थांबली. दादा उठून दारात गेला. पार्सलवाल्यानं हेल्मेट काढलं, खोक्यावरचं नाव पूर्ण वाचलं, आधी लहान्याचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आणि अगदी अदबीनं विचारलं, "हे इथं राहते काय, भाऊ?"

मी त्याला असं काही विचारायला सांगितलं नव्हतं. त्याचा स्वतःचाही हिशोब होता.

समोरच्या घरातल्या बाईनं झाडणं थांबवलं. "भाऊ, पुढं बी जायचं आहे मले," पार्सलवाला म्हणाला. "सांगा, राहते काय? नाई तं घेऊन जातो."

"राहते," दादा म्हणाला.

"कोण लागते तुमचे?"

"भाऊ आहे माझा."

"ओटीपी सांगा मंग."

माझ्या हातातला लहान्याचा फोन वाजला. त्याचीच ती जुनी धून, जी घरात चार महिने कोणी ऐकली नव्हती. दादा दचकून मागे वळला. मी दाराआडूनच चार आकडे मोठ्यानं वाचले. दादानं तेच पुन्हा म्हटले, एकेक, जसे शाळेत म्हणतात तसे. त्याचा आवाज तिसऱ्या आकड्याला फुटला. मला बरं वाटलं. हे लिहायला मला संकोच वाटत नाही. लहान्या गेल्यापासून पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं.

वहिनी म्हणाली, "ताई, दुखाचं वर्ष आहे, घरात खेळ लावता काय?" मी म्हटलं, नदीवर शब्द दिलेला आहे.

पहिला महिना मी एकटीच शिकले, सकाळी कॉलेजला जाण्यापूर्वी. माझे अंगठे जड आहेत आणि फुटबॉल मला कळत नाही. पण मी वाचून शिकणारी आहे. कोणतं बटण दाबल्यावर काय होतं ते वहीत लिहून काढलं, पाठ केलं. माझे अकरा खेळाडू हळूहळू माझं ऐकायला लागले.

मग एका संध्याकाळी, दादा हातपाय धुऊन आला तेव्हा त्याच्या खुर्चीत दुसरा कंट्रोलर ठेवलेला होता.

"बस, दादा. दोन आहेत."

"मले नाई येत हे."

"यायचं. लहानपणी पहिला रिमोट तूच घ्यायचा." ते खरं होतं. आम्ही लहान असताना दादानंच वर्ध्याहून कॅसेटवर चालणारा एक व्हिडिओ गेम आणला होता. तो तासन्‌तास हरायचा नाही आणि आम्ही दोघं आमच्या पाळीसाठी तोंडाकडे बघत बसायचो. वडील गेल्यावर त्यानं ते सगळं बांधून माळ्यावर टाकलं होतं.

तो बसला. मी त्याला सात गोल मारले. त्यानं एकही नाही. वहिनी तूर निवडत होती, ती म्हणाली, "अवो, हा निळा तुमचा आहे न? हा उभाच आहे बिचारा."

दुसऱ्या दिवशी पाच. तिसऱ्या दिवशी सहा. गोल झाला की कंट्रोलर मांडीवर ठेवायची आणि तो पुन्हा सुरू करेपर्यंत थांबायची. तो नको म्हणू शकत नव्हता, कारण नाही म्हणण्याचं कारण सांगावं लागलं असतं. जेठ सरला, आषाढ लागला, रोज संध्याकाळी साडेसात वाजता दादा हरत होता आणि देशात काय चाललं आहे ते त्याला कळेनासं झालं होतं. त्याचे खांदे उतरले. दुकानातले लोक विचारायला लागले, दादा, तब्येत बरी आहे न? मी जेवायला बसले की पोटभर जेवायची.

आषाढातल्या एका संध्याकाळी, मी तीन गोल पुढे असताना, पडद्यावरून नजर न काढता तो म्हणाला, "ते खोकं मीच परत पाठवलं होतं."

बटणांवरचे माझे अंगठे थांबले नाहीत. "कोणतं?"

"पहिलं. लहान्याचं." वहिनीच्या सुपातली तूर थांबली. "मी त्या पार्सलवाल्याले म्हटलं, इथं असा कोणी राहत नाई."

"काऊन?"

"मले वाटलं, ते घरात आलं म्हणजे त्यानं ठरवलं. का आता आपण बरे होत नाई, आता खेळतच राह्यचं. मले ते पाहवलं नसतं, बाई. मले वाटलं, बरा झाला का मीच आणून दीन." त्याचा निळा खेळाडू बॉल सोडून मैदानाच्या कडेला धावत होता आणि त्याला ते दिसत नव्हतं. "तुले माहीत होतं काय?"

"फागुनापासून."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू बोलावं म्हणून."

तो रडायला लागला. दादाला रडताना मी वडील गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. वहिनी सूप बाजूला ठेवून उठली. मी जिची वाट पाहत होते ती घटका हीच होती, आणि तिच्यासाठी मी एक गोष्ट राखून ठेवली होती: कपाटातलं रजिस्टर. ते आणायचं, शेवटचं पान उघडायचं आणि त्याच्या मांडीवर ठेवायचं, असं माझं फागुनापासून ठरलेलं होतं.

त्या पानावर, "टीव्ही दादाचा"च्या खाली, लहान्यानं लिहिलं होतं: "दोन कंट्रोलर घेऊ. दादा बसेल कदाचित."

मी उठले नाही. दया आली म्हणून नाही. मला दिसत होतं की ती ओळ वाचून त्याला आधी फार लागेल आणि मग हलकं वाटेल. भावाच्या मनात आपल्यासाठी जागा होती, हे त्याला कळेल, आणि तेवढ्यावर तो पुढची वर्षं काढेल. मी त्याला ते द्यायला तयार नव्हते. आपलं घर कोणाला सापडलं नाही, असं वाटत लहान्याला मरावं लागलं. दादानं थोडे दिवस त्या ओळीशिवाय काढावेत.

"खेळ," मी म्हणाले.

"काय?"

"बॉल तुह्याकडे आहे, दादा. खेळ."

त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि खेळला. मी चौथा गोल मारला.

आता वर्षश्राद्ध जवळ आलं आहे. आम्ही अजून खेळतो. दादा कधीमधी एखादा गोल करतो आणि माझ्याकडे बघतो, मी खेळ पुढे सुरू करते. रजिस्टर साड्यांखालीच आहे. मी लिहिलेलं दादा कधी वाचत नाही. त्याला बातम्या पुरतात. वहिनी मात्र माझं छापून आलेलं अक्षर न अक्षर वाचते, दुपारी, मालिका संपल्यावर. आणि वहिनीच्या पोटात एक गोष्ट संध्याकाळपर्यंत राहत नाही.